महाराज रोज विहिणीच्याच दारात

माझी विहीण चांगली आहे. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं जे सांगणार आहे त्यावरून ती वाईट असेल असं कुणाला वाटायला नको. ती गोरी आहे, बोलायला गोड आहे, सांगलीत तिचं दुमजली घर आहे, तिचे गुडघे दुखत नाहीत आणि माझ्या लेकीला तिनं सासरी कधी एका शब्दानं दुखवलेलं नाही. एवढं सगळं एकाच बाईला मिळाल्यावर दुसऱ्या बाईनं काय करायचं? जळायचं. मी जळायची. पण त्या फाल्गुनात कुंडलपासून खंडाळ्यापर्यंत चालताना जेवढी जळले, तेवढी आधी कधी जळले नव्हते.

त्या वर्षी एक मुनी महाराज कर्नाटकातून पायी गिरनारला निघाले होते. दिगंबर मुनी. अंगावर वस्त्र नाही, पायात चप्पल नाही, गाडीत बसणं नाही. हातात मोरपिसांची पिंछी आणि पाण्याचा कमंडलू, बस. आमच्या भागात जैन शेतकऱ्यांची गावं लागून लागून आहेत, त्यामुळं असा विहार आला की एक गाव महाराजांना दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत पोचवतं आणि माघारी फिरतं. पण कराड ओलांडलं की आमची घरं विरळ होतात. तिथून पुढं कुणीतरी सगळा संसार घेऊन बरोबर जावं लागतं, नाहीतर महाराजांच्या जेवणाचं काय? म्हणून असं ठरलं की कुंडलच्या डोंगरावरच्या देवळांचं दर्शन झालं की खंबाटकी घाटापलीकडच्या खंडाळ्यापर्यंत आमच्याकडच्या लोकांनी जायचं आणि तिथं पुण्याकडचे लोक घ्यायला येणार.

मी नवऱ्याला म्हटलं, "आवं, आपुन जायचं."

"ऊस कोण बघणार?"

"धाकले भावजी बघत्यात. तुमी टेम्पो काढा."

मी का जाणार हे त्यांना ठाऊक होतं. मुनी महाराज दिवसातून एकदाच जेवतात आणि पाणीही तेवढ्याच वेळी पितात. उभ्यानं जेवतात, ताट घेत नाहीत, दोन्ही हातांची ओंजळ करतात आणि त्या ओंजळीत आपण एकेक घास ठेवायचा. त्याला आहार देणं म्हणतात. आमच्या आष्ट्याच्या घरात माझ्या सासूनं आहार दिलेला, तिच्या सासूनं दिलेला, माझ्या माहेरी आईनं दिलेला. मी राहिले. महाराज गावात यायचे तेव्हा कधी घरात सुतक असायचं, कधी मी बाळंतीण, कधी बायकांची अडचण. साठी जवळ आली तरी माझ्या हातचा एक घास कुठल्या महाराजांच्या ओंजळीत पडला नव्हता. दुसऱ्याच्या घरी जाऊन सोवळ्यात उभं राहून एखादा घास देता येतो, तशी रीत आहे. पण मला ते नको होतं. माझा चौका, माझं पाणी, माझं पीठ, माझे हात. तेवढं एकदा व्हावं आणि मग डोळे मिटले तरी चालतील असं मी घरात इतक्या वेळा बोलले होते की नवरा म्हणाला, "चल बाई, तुजे डोळे मिटायच्या आत जाऊन येऊ."

चौका म्हणजे सोवळ्यातला स्वयंपाक. पाणी विहिरीचं पाहिजे, तेही कापडानं गाळून घ्यायचं आणि गाळताना कापडावर राहिलेले जीव त्याच विहिरीत हळूच परत सोडायचे. पीठ घरी दळलेलं. दूध काढल्याबरोबर तापवलेलं. सूर्य उगवायच्या आत चूल पेटवायची नाही. मी माझं लहान जातं टेम्पोत टाकलं, तांब्याच्या कळशा, पितळी पातेली, शेगडी, कोळसा, दोन चादरी आणि बसायला पाट. लग्नाचं बिऱ्हाड निघालं असं शेजारी म्हणाले.

कुंडलला पोचले तर तिथं माझी विहीण. लांबलचक पांढरी गाडी, त्यात स्टीलचे डबे ओळीनं लावलेले, त्यांच्यावर चिठ्ठ्या चिकटवलेल्या. आणि गाडीतनं कोण उतरलं? माझी लेक.

"आई! तू पण?"

मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. म्हटलं, चला, लेक बरोबर आहे, दोघी मिळून चौका लावू. मी जात्याजवळ दोन पाट मांडले. लेक आली, पाया पडली, चहा प्यायली आणि म्हणाली, "मम्मींचं डबे उतरवायचेत, जाते हं." मम्मी म्हणजे सासू. मला ती आई म्हणते आणि तिला मम्मी. मी आधी कधी मनावर घेतलं नव्हतं. त्या दिवशी घेतलं.

म्हणजे चौके दोन झाले. एक माझा, एक विहिणीचा. तिच्या चौक्यात दोन बायका, सासू-सून. माझ्या चौक्यात मी एकटी, आणि बाहेर पॅंट घालून बसलेला ड्रायव्हर नवरा.

आता पुढचं नीट कळायला हवं म्हणून सांगते. महाराज आधी कुणाला सांगत नाहीत की आज तुमच्याकडं येतो. त्यांना आमंत्रण द्यायचंही नसतं. पूजापाठ झाला की ते उजव्या हाताची बोटं जुळवून खांद्यावर टेकवतात आणि निघतात. आपण आपल्या चौक्याच्या दारात कलश, नारळ घेऊन उभं राहायचं आणि हाक घालायची, "नमोस्तु महाराज, नमोस्तु, इथं थांबा, थांबा." त्यांनी मनात काहीतरी एक खूण धरलेली असते. अमुक दिसलं तरच थांबेन. हिरवं लुगडं असेल, दोन कलश असतील, हातात आंबा असेल, काहीही. ती कुणाला सांगत नाहीत. खूण दिसली तिथं थांबतात, आणि कुठंच दिसली नाही तर उपाशी परत फिरतात. तुम्ही कारखान्याचे मालक असा नाही तर ऊसतोडीला येणारे, तिथं कुणाचा वशिला चालत नाही.

कुंडलला ते विहिणीच्या दारात थांबले. मी म्हटलं, असू दे, पहिलाच दिवस.

कराडला विहिणीच्या दारात. उंब्रजला विहिणीच्या दारात.

मी रोज डोकं चालवायची. पहिल्यांदा वाटलं पिवळं लुगडं असेल, कारण विहीण पिवळ्यात होती. दुसऱ्या दिवशी मी पिवळं नेसले, ती निळं नेसली, महाराज निळ्याकडं गेले. मग मी एका हातात ऊस धरून उभी राहिले. नवरा लांबून म्हणाला, "रसवंती काढलीस व्हय गं?" मी त्यांच्याकडं असं बघितलं की ते टेम्पोच्या पलीकडं जाऊन बसले. एकदा मी डावीकडं उभी राहिले, एकदा उजवीकडं, एकदा नारळाऐवजी डाळिंब घेतलं. महाराज माझ्यासमोरून जायचे, नजर जमिनीवर, आणि चार पावलं पुढं जाऊन तिच्यासमोर थांबायचे. लगेच त्या दोघी सासू-सुना त्यांना प्रदक्षिणा घालायच्या आणि माझी लेक आनंदानं रडायची. रडायची हो! माझ्या पोटची पोर, मी तिथं दहा हातांवर कलश घेऊन उभी, आणि ती दुसऱ्या बाईच्या नशिबाला रडतेय.

विहीण दरवेळी मला बोलवायची. "या की विहीणबाई, आत या, एक घास तुम्हीपण द्या."

"नको. माझं दूध वर यायला लागलंय," मी म्हणायची.

दूध कसलं वर येतंय? मीच वर येत होते.

तिचं पीठ सांगलीहून दळून आणलेलं. मी रोज पहाटेनंतर जात्यावर बसून ताजं दळायची, खांदे भरून यायचे. ती रात्रीचं जेवण सोडलंय म्हणायची, पण किती दिवसांपासून? या विहारापुरतं! त्यांच्या घरी रात्री अकराला पावभाजी होते हे मला माझ्या लेकीनंच सांगितलेलं. मी लग्न झाल्यापासून दिवस मावळल्यावर पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही. मग महाराजांना हे दिसत नाही का? मला महाराजांचाही राग यायला लागला होता. आता बोलते ते बरं नाही, पण येत होता.

सकाळी महाराज उगवतीला चालायला लागायचे आणि आम्ही चौकेवाल्या पुढं जाऊन विहीर शोधायचो. संध्याकाळी मात्र आम्ही सगळ्या त्यांच्यामागं पायी. हायवेच्या कडेनं, बाभळीच्या सावलीतनं, ट्रकचे धक्के खात. विहीण अनवाणी चालायची. मी कापडी बूट घातले होते, डॉक्टरनं सांगितलेलं. तिच्या पायाला एक फोड नाही. माझ्या बुटात तीन.

कराडपर्यंत महाराजांशी बोलायला माणसं होती. त्यांचं मराठी निम्मं कानडी, आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना ते कळतं. पुढं साताऱ्याकडं कुणाला कळेना. तरी माणसं यायची. मराठ्यांची घरं, घरटी एक मिलिटरीत. बायका हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या, त्यांना कुणी सांगितलं की मुनींना बाईनं शिवायचं नसतं, तर रस्त्यावर महाराजांच्या पावलांच्या पुढं कुंकू टाकून मोकळ्या झाल्या. एक रिटायर सुभेदार रस्त्यात ताठ उभे राहिले आणि कडक सॅल्यूट ठोकून म्हणाले, "जय हिंद महाराज!" महाराज हसले आणि पिंछी उचलून आशीर्वाद दिला. एका गावात जत्रा होती. जत्रा म्हणजे बोकड आलाच. आमची माणसं काळजीत पडली. तर तिथले एक आजोबा आले, म्हणाले, "आमचा देव आमच्या जागी हाय. पर तुमचं महाराज पुढं जाईस्तवर ह्या रस्त्याला एक चूल पेटायची न्हाई. काळजी करू नगा." आणि खरंच, महाराज वेस ओलांडेपर्यंत त्या रस्त्यावर नुसती झेंडूची माळ आणि पोरांचे पिपाणीचे आवाज.

हे सगळं बघत चाललेली मी, पण माझं निम्मं लक्ष पुढं. पुढं विहीण चालायची आणि तिच्या पाठीवरचा पदर माझी लेक सावरायची.

साताऱ्याला मी न राहवून लेकीला बाजूला घेतलं. म्हटलं, "उद्या एक दिवस माझ्या शेजारी उभी रहा. दोघी दिसल्या तर थांबतील कदाचित. त्यांना जोडी लागत असंल."

तिनं विहिणीच्या गाडीकडं बघितलं. मग म्हणाली, "आई, मी तिकडं असताना इकडं कशी येऊ? मम्मींना काय वाटंल?"

"आणि मला काय वाटंल?"

"तू आई हाईस की."

म्हणजे आईला काही वाटलं तर चालतं. मी जाऊन जात्यावर बसले आणि नको असताना एक पायली गहू दळून काढला.

साताऱ्यालाही विहिणीकडंच.

आणि मग भुईंजला ते झालं. महाराज तिच्या चौक्यात आत गेले. मी माझ्या दारात नारळ खाली ठेवत होते. आतून जेमतेम चार घास झाले असतील. मग लेकीचा "अगं आई गं!" असा आवाज. महाराज बाहेर आले. ओंजळ सोडलेली, तोंड पुसलेलं. घासात केस निघाला होता.

केस निघाला की संपलं. त्याला अंतराय म्हणतात. त्या दिवशी पुन्हा घास नाही, पाण्याचा थेंब नाही, दुसऱ्या दिवशीच्या आहाराच्या वेळेपर्यंत. आणि बाहेर ऊन असं की डांबर पायाला चिकटत होतं.

सगळे हळहळले. आणि मला काय वाटलं? बरं वाटलं. लपवत नाही. उन्हातनं येऊन माठातलं पाणी प्यावं तसं आतून गार वाटलं. रोजच्या रोज तिच्या दारात जात होता ना, घ्या आता! असं वाटलं. हे माझ्या मनात आलं तेव्हा महाराज माझ्यासमोरूनच चालले होते, ओठ कोरडे, एक हात पोटाशी.

दुपारी लेक माझ्या टेम्पोपाशी आली. डोळे सुजलेले. "आई, माझाच केस असणार. मीच पोळ्या करत हुते."

"तुजा न्हाई," मी म्हटलं. "तिचा असंल. रंगवलेला हुता का ते बघितलंस का?"

ती मागं सरली. "आई, कसं गं बोलतीस तू?"

आणि गेली. संध्याकाळी चालताना महाराजांचा पाय ओढत होता. एरवी आम्हाला त्यांच्यामागं पळावं लागायचं, त्या दिवशी आम्ही थांबत थांबत चाललो. विहीण पदर तोंडात धरून रडत होती आणि माझी लेक चालता चालता तिचे डोळे पुसत होती. एवढं होऊनही मला वाटलं काय, तर माझे डोळे हिनं कधी पुसले होते?

दुसरा दिवस आमचा शेवटचा. खंबाटकी घाटाच्या पायथ्याला एका शेतकऱ्यानं गोठ्याची पडवी झाडून, शेणानं सारवून दिली होती. पडवीचे दोन भाग, मधे चादर. एका बाजूला मी, एका बाजूला ती. विहीर एकच. पाणी काढताना आम्ही दोघी समोरासमोर, पण बोललो नाही. दुपारनंतर महाराज घाट ओलांडणार, पलीकडं खंडाळ्याला पुण्याकडची माणसं वाट बघत होती. म्हणजे आज नाही तर कधीच नाही. मी गव्हाची खीर केली, मुगाची आमटी, भाकरी, उकळलेलं दूध, उसाचा ताजा रस. खुणेचा विचार करायचं मी सोडलं होतं. घरातलं साधं चौकड्याचं पातळ, एक कलश, एक नारळ, झालं.

महाराज आले. माझ्यासमोरून गेले. मी हाक घातली. ते विहिणीसमोरून गेले. गोठ्याच्या टोकापर्यंत गेले. मग वळले. मी बघितलं, नवऱ्यानं टेम्पोशेजारी हात जोडलेले. महाराज परत आले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

कशानं थांबले ते त्यांनाच ठाऊक. मी आजतागायत विचार करते, मला कळलेलं नाही.

मी प्रदक्षिणा घातल्या. त्यांना आत घेतलं, पाटावर उभं केलं, न शिवता पायांवर पाणी घातलं, पूजा केली. चादर बाजूला सारून विहीण आणि लेक कडेला येऊन उभ्या राहिल्या, सोवळ्यातच होत्या. महाराजांचा उजवा हात अजून खांद्यावर. तो हात खाली येऊन ओंजळ व्हायच्या आधी एक बोलायचं असतं. जो घास देणार त्यानं मोठ्यानं म्हणायचं असतं, माझं मन शुद्ध आहे, माझी वाचा शुद्ध आहे, माझी काया शुद्ध आहे, अन्नपाणी शुद्ध आहे. मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी. हे म्हटल्याशिवाय ते घास घेत नाहीत, आणि ज्यानं म्हटलं नाही त्याच्या हातचा तर नाहीच. लहान पोरांनाही पाठ असतं.

मी हात जोडले आणि म्हणायला गेले, "मन..."

आणि पुढं येईना.

मी खोटं बोलत नाही असं नाही. बाजारात बोलते, नवऱ्याशी बोलते, पाव्हण्यांशी तर रोज बोलते. पण तिथं कालचे ते कोरडे ओठ माझ्यासमोर होते, अगदी समोर, आणि काल त्यांच्याकडं बघून मला गार वाटलं होतं हे मला आठवत होतं. मन कसलं शुद्ध म्हणायचं? मी पुन्हा सुरुवात केली, "वचनशुद्धी, कायशुद्धी, आहारजल शुद्ध हाय." मन गाळलं. महाराजांचा हात खांद्यावरून हलला नाही.

"अगं, मनशुद्धी म्हण की!" बाहेरून नवरा. "राहिलं तुजं!"

मी म्हणते, मला माहीत नव्हतं का?

महाराज आहाराच्या वेळी बोलत नाहीत. ते तसेच उभे. काल चार घास, त्याच्या आधी आदल्या दिवशीचं, पुढं घाट. आता ते वळणार, आणि माझ्या दारातनं उपाशी जाणार, पाण्याशिवाय. मी घाबरून विहिणीकडं बघितलं.

"विहीणबाई, तुमी या. तुमी म्हणा. माझ्याच्यानं व्हईना."

ती पुढं आली. हात जोडले. तोंड उघडलं. आणि तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं हिला चक्कर येणार.

"मलाबी न्हाई म्हणता येत," ती म्हणाली. "काल केस निघाला तवापासनं मी तुमास्नी शिव्या घालती मनात. म्हटलं, हिचीच नजर लागली. रोज बघत उभी असती. राच्चं झोप न्हाई आली मला."

मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट वाटलं, बरोबर ओळखलंस गं बाई.

आम्ही दोघी हात जोडून उभ्या, साठीच्या बायका, दागदागिने उतरवलेल्या, ओल्या केसांच्या, आणि महाराज पाटावर. महाराजांनी एक पाय मागं घेतला.

तेवढ्यात लेक आमच्या दोघींच्या मधनं पुढं आली. तिनं कुणाकडं बघितलं नाही. हात जोडले आणि एका दमात, शाळेत प्रार्थना म्हणायची तशी स्वच्छ म्हणाली, "नमोस्तु महाराज. मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहारजल शुद्ध आहे. आहार घ्यावा."

महाराजांचा हात खाली आला. ओंजळ झाली.

मग आहार झाला. माझी खीर, माझी भाकरी, माझं दूध. मी वाटीत काढून द्यायची, विहीण ती हातात घेऊन लेकीच्या हातात द्यायची, आणि लेक घास करून ओंजळीत ठेवायची. प्रत्येक घास आधी उघडून, उजेडात धरून बघायची, केस आहे का म्हणून. महाराजांनी पाणी तीनदा घेतलं. उसाचा रस घेतला. कुठं काही निघालं नाही, कुठं काही अडलं नाही. विहीण मला हळूच म्हणाली, "खीर लय झकास झालीया." मी म्हटलं, "अजून हाय, पुढं द्या."

मी दोन हातांवर उभी होते. वाटी माझ्या हातात होती. एक पाऊल टाकलं असतं आणि ते शब्द म्हटले असते तर माझ्याही हातचा घास गेला असता. मन शुद्ध नव्हतं म्हणून नाही टाकलं, आणि शुद्ध होणार कसं? माझं सगळं लक्ष लेकीच्या हातांकडं होतं. तिला ते म्हणताना एवढासुद्धा विचार करावा लागला नव्हता. तिला तिच्या आईचा राग नव्हता, सासूचा नव्हता, कालच्या केसाचाही आता नव्हता. मन शुद्ध म्हटली आणि ते खरंच होतं. विहिणीचा मला सगळ्या वाटेवर हेवा वाटला होता, पण माझ्या स्वतःच्या पोरीचा त्या गोठ्याच्या पडवीत उभं राहून जेवढा वाटला, तेवढा आजवर कुणाचाच वाटलेला नाही.